देवीच्या पेटीचे कुलूप

माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. भरलेली उसाची गाडी काट्यावर आली की आकडा मी दोनदा पाहतो, मगच पावती फाडतो. घरीही तीच खोड. गॅस बंद केला का, कडी लावली का, किल्ली कुठे ठेवली, हे विचारल्याशिवाय मला झोप येत नाही. पत्नी म्हणते, "आवं, थोडं देवीवर पन सोडा की." दरवर्षी औंधचा डोंगर चढून मी यमाईपुढे हात जोडतो, पण सोडणे मला कधी जमले नव्हते. जे डोळ्यांनी पाहिले नाही ते मी धरत नाही. म्हणून इथेही जेवढे पाहिले आणि ऐकले तेवढेच लिहितो आहे.

आमची ऋतुजा सांगलीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला एका मोठ्या ऊर्जा कंपनीत इंटर्नशिप मिळाली आणि नेमणूक झाली साताऱ्याच्या पश्चिमेच्या पठारावर, पवनचक्क्यांवर. विट्याचे माझे मेहुणे फोनवर हसले, "काय दाजी, पोरगी पंखं दुरुस्त कराय शिकनार म्हना की!" मीही हसलो, पण वरवर. एवढी उंची, एवढा करंट, आणि आपली एकुलती एक लेक. रात्री पडल्या पडल्या मी मनात सगळे धोके मांडत बसे आणि ते काही केल्या संपत नसत.

निघायच्या दिवशी तिच्या बॅगेला कुलूप सापडेना. पत्नीने देवीच्या पेटीचे काढून दिले. यमाईच्या ओटीची साडी, खण, परडी ज्या पत्र्याच्या पेटीत असते, तिचे हे जुने पितळी कुलूप. दाबले की लागते, उघडायला मात्र किल्ली हवी, आणि किल्ली एकच. मी म्हणालो, "देवीच्या पेटीला काय लावणार?" ती म्हणाली, "तिला कशाला कुलूप? तिची लेक चाललीया, जाऊ द्या संगं." किल्ली हरवू नये म्हणून स्टँडवर मीच ती माझ्या खिशात ठेवली, आणि गाडी सुटल्यावर तशीच घेऊन घरी आलो. सगळ्यांना किल्लीबद्दल टोकणाऱ्या माणसाच्या हातून हे व्हावे! ऋतुजा फोनवर म्हणाली, "असू दे बाबा, कुलूप उघडंच आहे. मी दाबत नाही. तुम्ही सुट्टीला आलात की आणा."

तिथला एक नियम तिने मला मोठ्या कौतुकाने सांगितला होता. टॉवरच्या आत कामाला जाणारा प्रत्येक माणूस खालच्या मुख्य स्विचवर आपले स्वतःचे कुलूप लावतो आणि किल्ली आपल्या खिशात ठेवतो. एक जरी कुलूप लटकत असेल तर चक्की चालू करता येत नाही. ऐकून मला बरे वाटले. हा माझ्याच पद्धतीचा नियम होता.

सुट्टीच्या दिवशी सकाळी निघालो. साताऱ्याहून जीपने वर. फाट्यावर उतरलो तर धुके इतके दाट की पुढचा रस्ता दिसेना. बारीक भुरभुर चालू होती. धुक्यात कुठेतरी चक्क्या फिरत होत्या. दिसत एकही नव्हती, फक्त डोक्यावर कुणीतरी प्रचंड मोठे ओले लुगडे झटकावे तसा आवाज, थांबून थांबून. फोनला रेंज नव्हती. बराच चाललो, आणि लक्षात आले की पायाखाली डांबर राहिलेले नाही.

तेवढ्यात माझ्या दोन्ही बाजूंनी मेंढरे आली. काळी, दाटीवाटीने. एकाच्याही गळ्यात घंटी नव्हती, एकही ओरडले नाही. त्यांच्यामागे हिरव्या लुगड्यातली बाई, हातात काठी, कपाळभर कुंकू. वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान असावी. माझ्याकडे पाहून म्हणाली, "किल्ली आनलीस व्हय, लेकरा?"

माझा हात आपोआप खिशाकडे गेला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

तिने काठी धुक्यात एका बाजूला धरली. "तिकडं हाईत समदी. किल्ली घाईनं लावू नगंस. आत मानूस हाय."

"कोण माणूस? माझी मुलगी आहे का?"

पण मेंढरे पुढे सरकली होती आणि त्यांच्यामागे ती. मी हाक मारली. वरचे ते झटकणे तेवढे चालू होते. मग काठीच्या दिशेने मी अक्षरशः धावत सुटलो.

टॉवरच्या पायथ्याशी जीप उभी होती. इथे डोक्यावर आवाज नव्हता, ही चक्की बंद होती. तिथले साहेब आणि फिटर दाराशी चिडून उभे होते. ऋतुजा कुठे दिसेना. तोच जीपआडून पिवळ्या, ढगळ रेनकोटातून तिचा चेहरा बाहेर आला. "बाबा! देवीच पावली. किल्ली आणली ना?"

झाले होते ते असे. तिला कंपनीचे कुलूप अजून मिळालेले नव्हते. सकाळी ती शिडीच्या पहिल्या टप्प्यापर्यंत आत गेली, तेव्हा नियम म्हणून तिने हे पितळी कुलूप स्विचवर लावले आणि सवयीने दाबले. फिटर तिला हसला होता, "देव्हाऱ्याचं कुलूप आनलंस व्हय गं?" आता काम संपले, सगळ्यांनी आपापली कुलपे काढली, आणि हे एकच अडून बसले होते. कुलूप तोडायचे कटर आणायला दुसरी गाडी गेली होती.

"द्या काका," म्हणून साहेबांनी हात पुढे केला.

किल्ली माझ्या हातात होती. लेक डोळ्यांसमोर धडधाकट उभी होती. माझी काळजी मिटली होती, खरे सांगायचे तर देऊन मोकळे व्हावेसे वाटत होते. पण ती बाई 'लेक' म्हणाली नव्हती, 'मानूस' म्हणाली होती. मी मूठ मिटली. "साहेब, सगळे खाली आले?"

"आले की."

"एकदा बघा तरी."

फिटर म्हणाला, "काका, हितं ऊस न्हाई वजन कराय."

"नसू दे. नावं घ्या एकेकाची."

साहेबांनी कंटाळून नावे घेतली. शेवटचे नाव बिरूचे. तो ठेकेदाराचा माणूस, त्याला स्वतःचे कुलूप नव्हते, साहेबांच्या कुलपावरच तो आत जाई. "बिरू तो काय, मघापासून जीपपाशी पिवळ्या रेनकोटात..." असे म्हणत साहेब वळले, आणि आम्ही सगळेच ऋतुजाकडे पाहू लागलो.

"हा बिरूदादांचाच आहे," ती हळूच म्हणाली. "माझा भिजला म्हणून त्यांनी वर जाण्याआधी दिला."

फिटरने आत धाव घेतली, वर तोंड करून हाका मारल्या. त्या पोकळ लोखंडात त्याचाच आवाज घुमून परत येई. मग त्याने पाना उचलून शिडीवर तीनदा आपटला. आम्ही कान देऊन उभे होतो. पुष्कळ वेळाने फार वरून, जणू ढगातून, उत्तर आले. टण. टण. टण.

बिरू अर्ध्या वाटेवरून पुन्हा वर गेला होता. पाना वरच्या, पात्यांबरोबर फिरणाऱ्या दांड्यापाशी राहिला म्हणून तो घ्यायला. मी लगेच किल्ली दिली असती तर चक्की सुरू झाली असती, आणि त्या वेळी तो त्या दांड्यावर वाकलेला होता. खाली आल्यावर हे कळले तसा तो मटकन बसला आणि साहेब त्याच्याशेजारी चिखलातच बसले. "माझं कुलूप मी काढलं," एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

चहा घेताना मी बिरूला विचारले, इथे वर कुणाची मेंढरे असतात? तो जतकडच्या मेंढपाळांच्या घरातला, दोन लेकरांचा बाप. तो चमकला. "ह्या दिसांत? काका, ह्या पावसात मेंढरांची खुरं कुजत्यात. आमची समदी कवाच खाली माणदेशात उतरल्यात. दिवाळीपत्तोर हितं एक बी दिसायचं न्हाई."

"काळी होती," मी म्हणालो. "बरोबर बाई होती. हिरव्या लुगड्यातली."

त्याने कप खाली ठेवला, पूर्वेकडे, औंधच्या बाजूला तोंड केले आणि हात जोडले. कुणाला, ते मी विचारले नाही.

ती कोण होती हे मला माहीत नाही. एखादी वाट चुकलेली धनगरीण असेलही. पण किल्लीचे तिला कसे ठाऊक, याला माझ्यापाशी उत्तर नाही, आणि आता मी ते शोधतही नाही. माझ्या दोनदा पाहण्याचा तिने उपयोग करून घेतला, एवढे मात्र कळते. विसरलेली किल्ली, दाबलेले कुलूप, दिलेला रेनकोट, यांतले काहीच मी ठरवलेले नव्हते. आपले काम नीट करावे; पण सगळा भार आपल्याच हातांवर आहे असे धरून जागत बसू नये. मी आयुष्यभर तसाच जागत आलो होतो.

ऋतुजाची इंटर्नशिप नीट पार पडली. बिरूलाही आता स्वतःचे लाल कुलूप मिळाले आहे. नवरात्रात तो बायकोमुलांना घेऊन आमच्याबरोबर औंधला आला, डोंगर चढला, आणि पायरीवर डोके टेकून बराच वेळ उठलाच नाही.

पितळी कुलूप घरी परत आले. पत्नीने ते पेटीला लावले, किल्ली काढून घेतली आणि आत गेली. किल्ली कुठे ठेवलीस, हे मी अजून विचारलेले नाही.