कावीळ उतरवणारे हात

निसर्गोपचाराचा कोर्स केला तेव्हा बायकोला वाटलं, निदान माझी ॲसिडिटी तरी जाईल. ती गेली नाही, पण मी सल्ले द्यायला लागलो. कावीळ उतरवायचं सिन्नरच्या एका म्हाताऱ्या वैद्यांकडून शिकलो. रोग्याच्या हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळायचा आणि चुन्याच्या निवळीने हात धुवायचे. पाणी पिवळं झालं, की कावीळ उतरली.

थोरल्या भावाचे डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या, तर तो सरळ इंदिरानगरला माझ्याकडे आला. म्हणाला, "घरात वैद्य असताना सुया कशाला टोचून घेऊ रे?" मी फुगलो. तीन रविवार पाणी पिवळंजर्द निघालं. चौथ्या रविवारी त्याने मला ओळखलं नाही. दवाखान्यात म्हणाले, लिव्हर गेलंय, फार उशीर केलात.

तेराव्यानंतर मी माझेच धडधाकट हात तसे धुऊन पाहिले. पाणी तितकंच पिवळं झालं.

आता कुणीही आलं, की मी आधी रक्ताचा रिपोर्ट मागतो. वहिनीला मात्र त्या पाण्याचं सांगायचं धाडस अजून झालेलं नाही. ती येईल त्याला सांगते, "भावजींनी काही कमी केलं नाही हो. यांचंच नशीब खोटं."