प्रभाकरची दीड ओळ

प्रभाकर गेल्याचं मला जीपवाल्यानं सांगितलं. सेनगावहून गावी, गोरेगावला परत आलो होतो. खिशात मोबाइल, त्यावर नेटवर्कच्या सगळ्या काड्या उभ्या, आणि इकडे प्रभाकरच्या घरून वहिनी सकाळपासून मला फोन लावून लावून थकलेल्या. स्टँडवर उतरून भाडं देत होतो तर जीपवाला म्हणाला, "गुरुजी, तुमाला माहीत न्हाई व्हय? लाइनमन खिल्लारे गेले की सकाळीच." मी तिथंच उभा राहिलो. ज्या माणसानं दोन वर्षं याच फोनपायी रक्त आटवलं, त्याच्या मरणाची खबरसुद्धा या फोननं मला दिली नाही. दीड महिना झाला, माझा राग अजून उतरलेला नाही. आणि खरं सांगायचं तर तो राग फोनवर कमी आणि माझ्यावरच जास्त आहे.

आमची ओळख नव्वदच्या दशकातली. आमच्या शाळेत पहिला फोन बसला तो प्रभाकर खिल्लारेच्या हातून. शिडी लावली, वायर ओढली, डबडं ठोकलं आणि मला म्हणाला, "झालं." त्यावर मी त्याला टेलिफोनमुळं ज्ञानाची कवाडं कशी उघडतात यावर अर्धा तास ऐकवलं. त्यानं चहा संपवला आणि शिडी उचलली. तो असाच. बोलणं मोजून. मी मास्तर, मला एक सांगायला दहा वाक्यं लागतात. तरी आमचं जमलं... काहून जमलं, देवाला ठाऊक.

पुढं गावात मोबाइल आले. प्रभाकर खांबावरून उतरला आणि टॉवरच्या देखभालीवर लागला. एक टॉवर गावात, दुसरा माळावर. आणि दुसरा उभा राहिला तेव्हापासून गावाची तकलीफ सुरू झाली. काड्या पूर्ण, पण फोन लागेना. बाजारच्या दिवशी तर नावच नको. लोक त्यालाच धरायचे, "खिल्लारे, तुमच्या टॉवरला काय रोग झालाय?" पण त्याला खरं खुपायचं ते वेगळंच होतं. त्याची लेक पुण्यात दवाखान्यात नर्स. रोज संध्याकाळी सातला तिचा फोन यायचा, म्हणजे यायला पाहिजे होता. पाच-सहा वेळा लावावं तेव्हा एकदा लागायचा, आणि तिला तेवढीच सुट्टी. "टॉवरच्या बुडाला बसून मला माझ्या लेकराचा आवाज न्हाई, गुरुजी," असं तो एकदा म्हणाला होता. एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून क्वचित ऐकलं.

कारण त्यानं शोधून काढलं होतं. मला समजावं म्हणून शाळेच्याच भाषेत सांगितलं. दोन टॉवर कंपनीनं दोन वेगळ्या गटांत टाकलेत. गावातला फोन कधी हा टॉवर धरतो, कधी तो. गट बदलला की दरवेळी त्याला वर कळवावं लागतं, की मी आता इथं आहे. आणि फोन लावायचा निरोपही त्याच अरुंद वाटेनं जातो. "सगळं गाव दिवसभर हजेरीच देऊन राहिलं," तो म्हणाला. "हजेरीतच तास संपला तर शिकवाल कवा?" दोन्ही टॉवर एका गटात घेतले की हजेरी कमी, वाट मोकळी. वर बसलेल्या माणसाचं पाच मिनिटांचं काम.

त्याचं तोंडी सांगणं वर पोचत नव्हतं, म्हणून त्यानं मला एक चिठ्ठी दिली. 'गोरेगावातला आणि माळावरचा टॉवर एकाच गटात घ्या. फोन लागतील.' खाली दोन्ही टॉवरचे नंबर. म्हणाला, "एवढंच धाडा."

मी हसलो. म्हटलं, "अरे, अशा चिठ्ठ्या कार्यालयात कोणी वाचत नाही. अर्जाला रीत असते." त्यानं चिठ्ठी परत घेतली, घडी करून डायरीत ठेवली आणि म्हणाला, "तुमी गुरुजी. तुमाला बराबर कळतं."

मग मी तीन अर्ज लिहिले. प्रत्येक तीन-तीन पानांचा. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून, गोरेगावचा इतिहास, बाजारपेठेचं महत्त्व, जाता जाता विजेचा लपंडाव, माळावरच्या जागेचा नकाशा, सरपंचाचं पत्र, ग्रामस्थांच्या सह्या. मुद्दा तिसऱ्या पानावर, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. उत्तर आलं नाही. प्रभाकर आठवड्याला विचारायचा, "आलं काही?" आणि मी म्हणायचो, पुढचा अर्ज आणखी सविस्तर करू.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे प्रभाकर गेल्यानंतरच्या विधीच्या दिवशी वहिनींनी त्याची डायरी माझ्या हातात दिली. चिठ्ठी तशीच होती. दुसऱ्या दिवशी मी ती घेऊन कंपनीच्या कार्यालयात गेलो. टेबलामागं एक तरणा इंजिनिअर होता. त्यानं उभ्या उभ्या वाचली आणि विचारलं, "एवढंच होतं? मग आधी का नाही कळवलं?" मी आवाज चढवला, तीन अर्जांचं सांगितलं. त्यानं बिचाऱ्यानं शोधायला लावले. पहिला वीज पाहणाऱ्यांकडं गेला होता, दुसरा जागा पाहणाऱ्यांकडं. तिसऱ्यावर कोणीतरी 'ग्रामस्थांच्या भावना, नोंद घेतली' असं लिहून फाइल बंद केली होती. कोणाला दोष देऊ? पहिलं पान वाचून मीसुद्धा तेच केलं असतं.

चार दिवसांत काम झालं. गावात आता फोन पहिल्या झटक्याला लागतात.

परवा संध्याकाळी वहिनींकडं बसलो होतो. प्रभाकरचा मोबाइल त्याच्याच जागी, खिडकीच्या फळीवर. बरोबर सातला वाजला. वहिनींनी उचलून स्पीकर लावला. पलीकडून लेक जुन्या सवयीनं घाईघाईत म्हणाली, "हॅलो, ऐकू येऊन राहिलं का? हॅलो?"

"येऊन राहिलं," वहिनी म्हणाल्या. "बोल."

आवाज इतका स्वच्छ होता की तिच्यामागची दवाखान्यातली बोलणीसुद्धा ऐकू येत होती. मग ती काही बोलली नाही, आणि वहिनीही बोलल्या नाहीत. फोन मात्र कटला नाही.