तिसरी काच

जो माणूस गावभर पत्रकं वाटून दुसऱ्यांना भेकड म्हणतो, त्याच्या भेकडपणाबद्दल त्याला कोणी विचारायचं? मला कोणी विचारलं नाही. म्हणून सात वर्षं हे कुणाला कळलंही नाही. आज मीच सांगतो — तुम्हाला.

मी अक्षरं ओळखली तीच पत्रकांवर. बाबा सभेहून आले की खिशातून घडी घातलेले कागद निघायचे आणि मी ते मोठ्याने वाचायचो. हुडकेश्वरकडच्या एका शाळेत मास्तर झालो, तोवर माझ्या स्वतःच्या नावावर चार पत्रकं होती. 'रक्त' हा शब्द प्रत्येकात.

आठवीच्या मुलींना मी म्हटलं, तुम्हाला जे सलतं ते लोकांना सांगा. जवळच्या टॉकीजमध्ये सिनेमाआधी पडद्यावर जाहिरातींच्या काचा, म्हणजे स्लाइड्स, दाखवायचे. आमच्याही काचा फुकट दाखवायचं मॅनेजरने कबूल केलं होतं. काचेवर कंदिलाची काजळी धरायची, सुईने अक्षरं कोरायची — पडद्यावर ती पांढरीशुभ्र, हातभर मोठी दिसतात. एक काच झाडांवर झाली, एक लस टोचून घेण्यावर. तिसरी सुनंदाची.

सुनंदा कमी बोलायची. तिने कोरलं होतं — 'आमच्या शाळेत मुलींसाठी संडास नाही. म्हणून आम्ही दिवसभर पाणी पीत नाही.' खरंच पीत नाही? मी विचारलं.

"पेलं तर घरी पळा लागते, सर. मग गैरहजेरी लागते."

आणि खाली, पहिल्या दोन काचांवर होतं तसंच, माझं नाव. मार्गदर्शक म्हणून.

आता कसं सांगू — मला ते नाव पडद्यावर 'संडास' या शब्दाखाली दिसलं. टॉकीजच्या पुढच्या बाकांवरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. चौकातले मित्र उद्यापासून कोणत्या नावाने हाक मारतील, तेही ऐकू आलं. रक्ताखाली सही ठोकणारा मी, संडासाखाली नाव द्यायला लाजलो. हेडमास्तरांची भीती नव्हती. नोकरीची नव्हती. लाज — आणि तीही कशाची?

मॅनेजरकडे मी दोनच काचा नेल्या. तिसरी रुमालात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवली. मुलींना सांगितलं, मॅनेजर नाही म्हणाला.

खोटं तिथेच थांबलं असतं तर? नाही थांबलं. सुनंदा म्हणाली, आम्हीच जाऊन विचारतो त्यांना. मी घाबरलो. आणि घाबरल्यावर मला एकच गोष्ट करता येत होती, ती मी केली — पत्रक काढलं. गुलाबी कागदावर, मॅनेजरच्या नावानिशी: मुलींचं तोंड दाबणारा माणूस. मुलींनीच ते शाळेत आणि बाजारात वाटलं. मग त्याला विचारायला जायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

चार दिवसांनी तो शाळेच्या फाटकाशी उभा होता. हातात गुलाबी कागद. आवाज चढलेला नव्हता.

"मास्तर, तुम्ही तर दोनच काचा आणल्या होत्या गा. तिसरी आणली असती तर तेही लावली असती मी."

मग कागदाची घडी करत म्हणाला, त्याची मुलगी आमच्याच शाळेत सहावीत आहे. "घरी माह्याशी बोलून नाही राहिली. तिले तेवढं सांगून द्या."

सांगतो, मी म्हणालो. त्याने मान डोलावली आणि सायकलवर बसून गेला. विश्वास ठेवला त्याने.

मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. उन्हाळ्यात नोकरी सोडून छापखान्यात लागलो. मी होतो तोवर शाळेत संडास झाला नव्हता.

हे लिहिलं आणि छातीवरचं काहीतरी उतरलं — फार बरं वाटतंय, हेही लपवत नाही. पण सुटका माझी झाली. त्याची कुठे झाली? गेल्या महिन्यात टॉकीजवर जाऊन आलो. तिथे आता नवा मॅनेजर आहे. जुना कुठे गेला, कुणाला ठाऊक नाही.

तेव्हा हुडकेश्वरकडच्या शाळेत शिकलेली कुणी तुमच्या ओळखीची असेल, तर हे तिला वाचून दाखवा. ती दुसरीला सांगेल, दुसरी तिसरीला. असं करत करत हे त्या मॅनेजरच्या मुलीपर्यंत पोचू द्या. ती आता मोठी झाली असेल. तिला सांगा — तुझ्या बापाने ती काच कधी पाहिलीच नव्हती.