कचरूचा कौस्तुभ

माझ्या लग्नात नवरदेवाचं नाव सोडून सगळं पक्कं होतं.

खरं नाव कचरू. आमच्याकडे आधीची लेकरं जगली नाहीत, की पुढच्याला जन्मल्यावर क्षणभर उकिरड्यावर ठेवतात आणि उचलून घेऊन कचरू म्हणतात. यमाला वाटावं, यात नेण्यासारखं काही नाही. मला उचललं हट्टा गावच्या मामानं. आमच्या भागात कचरूंची कमतरता नाही. एक सरपंच झाला, एकानं कुस्त्या गाजवल्या, एकाची भजी खायला सेनगावहून माणसं येतात. (तिघंही ठणठणीत आहेत. यम अजून फसतोय.)

मी मात्र हिंगोलीत कॉम्प्युटरच्या दुकानात बसतो. पत्रिकेवर परस्पर ‘चि. कौस्तुभ’ छापलं. विष्णूच्या छातीवरचं रत्न! नवरीलाही तेच सांगितलेलं. आई म्हणाली, “मामाला जाऊन आवतन दे.” मी म्हटलं, “पत्रिका मोबाइलवर पाठवली, आई.”

नवरीच्या गावी, सेनगावकडच्या गोरेगावच्या मांडवात मुहूर्ताला मामाच नाही. मामा पाठीशी उभा राहिल्याशिवाय मंगलाष्टकं कशी सुरू करायची? आईनं फोन लावला. तिला कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरवर. (शेजारी भटजींचा माइक चालू होता.)

“दादा, कुठं हायस?”

“शेतात. हळद शिजवून राहिलो.”

“अन् लगीन?”

“कोनाचं?”

“कौस्तुभचं.” (मी तिच्याकडून आठवडाभर घोकून घेतलं होतं.)

“कोन कौस्तुभ? त्याची पत्रिका आली व्हती. वळखीचा न्हाई म्हनून पुढं वाचलीच न्हाई.”

“आरं दादा, आपला कचरू!”

शेवटच्या खुर्चीपर्यंत कचरू पोचला. नवरी माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, उकिरड्यावर परत नेऊन ठेवा.

दोन तासांनी मामा आला, कोपरापर्यंत पिवळा. मी मान खाली घालून पाया पडलो, तर त्यानं मिठीच मारली.

“लेकरा, तुला उचलला तवा येवढासा व्हतास. रडतबी नव्हतास. तुझ्या लग्नाला काहून येनार न्हाई मी?”

 माझ्या पांढऱ्या शेरवानीवर हळदीची दहा बोटं उमटली.

लग्न लागलं. बायकांनी नवरीला नाव घ्यायला लावलं. कौस्तुभसाठी पाठ केलेला उखाणा तिनं बाजूला ठेवला आणि म्हणाली,

“मामांच्या हाती हळद, गोरेगाव माझं गाव,
भटजींच्या माइकवर कळलं कचरूरावांचं खरं नाव.”

आता घरीदारी मी कचरूच आहे. पत्रिकेतला कौस्तुभ अजून मांडवात पोचायचाय.