राणी मारायची कोणी?

बाबांनी मधपेटीतली राणीमाशी मारायला नकार दिला, तेव्हा आमच्या घरात पहिलं भांडण झालं ते मटणावरून.

"रविवारी रश्श्यात भाकर कुस्करून खाता, तेव्हा कुठं जाते तुमची दया?" मी विचारलं. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत होते आणि घरातही वर्गात असल्यासारखीच बोलायचे.

बाबा शांतपणे म्हणाले, "मी खातो. कापत नाई."

"घ्या, झाला न्याय," आई चुलीजवळून म्हणाली.

ही सत्तरच्या दशकाच्या शेवटाशेवटाची गोष्ट. शहराच्या कडेला नंदनवन नावाच्या वस्तीत आमचं दोन खोल्यांचं घर नुकतंच उभं राहिलं होतं आणि मागे सगळे मोकळे प्लॉट, बाभळी आणि निंब. बाबा कापडगिरणीत मागावर उभं राहून म्हातारे झाले. त्या खडखडाटानं त्यांचे कान अर्धे गेले होते. रिटायर झाल्यावर त्यांनी कुठल्याशा सरकारी प्रशिक्षणातून मधमाश्यांची एक पेटी आणली आणि निंबाखाली ठेवली. सकाळ-संध्याकाळ ते पेटीवर तळहात टेकवून बसायचे. आतली गुणगुण त्यांना कानानं कळत नसे, हातानं कळे. एवढ्या आनंदात मी त्यांना गिरणीच्या दिवसांत कधीच पाहिलं नव्हतं, त्यामुळे माझा त्या पेटीवर राग असायचा आणि जीवही.

छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या माणसांपैकी ते. वस्तीतल्या विहारात दर रविवारी सकाळी पंचशील तेच द्यायचे. ते एक ओळ म्हणायचे आणि मागून सगळी वस्ती ती म्हणायची. बाकीच्यांसाठी ते म्हणणं होतं, बाबांसाठी तो शब्द दिल्यासारखा होता. पहिलं शील जीव न मारण्याचं. म्हणून आमच्याकडे झुरळावर चप्पल उचलायची सोय नव्हती. विंचू निघाला तर बाबा तो चिमट्यानं धरून मागच्या प्लॉटात सोडून यायचे, आणि तोच विंचू परत घरात येतो याची आईला पक्की खात्री होती.

त्या वर्षी संत्र्याच्या आंबिया बहाराच्या दिवसांत, सगळीकडे फुलोरा असताना, बाबांच्या हाताला पेटी मंद लागू लागली. चौकट उचलून पाहिली तर पोळ्यावर पिल्लांच्या घरांची झाकणं सपाट नव्हती. टोपीसारखी वर आलेली, प्रत्येकाच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. माझ्या विज्ञानाच्या पुस्तकात हे नव्हतं. बाबांनी सायकल काढली आणि बेसा गाव गाठलं. तिथं संत्र्याच्या बागेत पेट्या ठेवणारा एक शेतकरी त्यांच्या ओळखीचा होता. मी त्यांना काका म्हणायचे. दुसऱ्या दिवशी काका आले, चौकट उन्हात धरून पाहिली आणि बिडी पेटवली.

"राणी म्हातारी झाली, भाऊ. निस्ते नरच पैदा करून राहिली. नर ना फुलावर जाते ना काही काम करते. निस्ता बसून खाते."

"मंग ओळखीचाच दिसते," आई म्हणाली. बाबांना ते ऐकू आलं नाही, की आलं आणि त्यांनी सोडून दिलं, कोण जाणे.

"मंग आता?" बाबांनी विचारलं.

"आता काय. कामाच्या माश्या मरत जाईन, नव्या निघणार नाई. महिन्याभरात पेटी खलास. उपाय एकच हाय. हिले चिमटीत धरा आन् चेंदून टाका. एक रात जाऊ द्या. मंग मी जवान राणी देतो, माझ्यापाशी दोन हायेत."

चहात किती साखर घालायची हे सांगावं, तसं त्यांनी हे सांगितलं. मी हादरले. राणी म्हणजे तिचं राज्य, तिचा हुकूम, माश्या तिच्यावर जीव ओवाळून टाकतात, असं मी दरवर्षी पोरांना घोळून घोळून शिकवत होते. इथं ती राणी म्हणजे यंत्राचा झिजलेला पट्टा होता, काढून फेकायचा. बाबांचा चेहरा मात्र हादरण्याच्याही पलीकडे गेला होता.

"तिले न मारता वेगळी ठेवली तं?"

"वेगळी?" काका हसले. "पेन्शन देता का तिले? ठेवा, भाऊ. पन मी सांगून राहिलो, जुनी जित्ती असन तवर माश्या नवीले घेत नाई."

ते गेल्यावर मटणाचं भांडण झालं, ते सुरुवातीला सांगितलंच. भांडणात मी जिंकले आणि झालं बाबांच्या मनासारखं, आमच्या घरची रीतच तशी होती. मी शाळेतून खडूंचा रिकामा लाकडी डबा आणला. बाबांनी जुनी राणी आणि ओंजळभर माश्या त्यात घातल्या, मधाचा एक तुकडा ठेवला, तोंडाशी गवताचा बोळा बसवला आणि डबा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, न्हाणीच्या भिंतीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी बेसाहून नवी राणी आली. ती तारेच्या जाळीच्या बोटभर पिंजऱ्यात होती आणि पिंजऱ्याच्या तोंडाला साखर-मधाची घट्ट गोळी होती. माश्या ती गोळी बाहेरून हळूहळू खातात, तोवर त्यांना नव्या राणीचा वास ओळखीचा होतो, आणि वाट मोकळी झाली की ती बाहेर येते. पिंजरा पेटीत ठेवून बाबा इतके खूश झाले की त्यांनी आईला आपणहून चहा करून दिला.

दोन दिवसांनी दुपारी पेटी उघडली. पिंजरा रिकामा होता. पेटीच्या तळाशी माश्यांचा लिंबाएवढा गोळा होता, घट्ट, एकमेकींना बिलगलेला, आतल्या आत थरथरणारा. मला वाटलं, नवीला कुशीत घेतलंय. मी तसं मोठ्यानं म्हटलंही. बाबांनी गोळा वाटीतल्या पाण्यात सोडला. माश्या सुट्या झाल्या आणि मध्ये नवी राणी निघाली. पंख चुरगळलेले, अंग काळं पडलेलं, मेलेली. तिला डंखानंच मारलं असंही नव्हतं, चारी बाजूंनी दाबून, स्वतःच्या अंगाच्या उष्णतेनं कोंडून मारलं होतं. आणि वर चौकटीवर जुनी राणी निवांत फिरत होती.

मी धावत न्हाणीकडे गेले. बोळा बाजूला पडला होता आणि डबा रिकामा होता. वासाचा माग काढत ती आपल्या घरी परत आली होती.

मी पेटीपाशी आले तेव्हा बाबा वाटीत बघत होते. ते मला म्हणाले नाहीत, स्वतःलाच म्हणाले, "मी हिले नाई मारलं, म्हणून नवी मेली."

रात्री ते जेवले नाहीत. सकाळी न बोलता बेसाला गेले आणि काकांची उरलेली राणी घेऊन आले. काकांनी निरोप दिला होता की ही शेवटची, आता यापुढे माझ्याकडे मागू नका.

मला ते बघवेना. मी म्हटलं, "बाबा, मी मारते. कॉलेजात बेडूक फाडलेत मी. मला काही होत नाही."

"बेडूक मेलेले होते."

"मग ही एक माशी आहे."

"राहू दे वं माय. तुयं शील तुयापाशी राहू दे."

भर दुपारी, निंबाच्या सावलीत, त्यांनी चौकट गुडघ्यांवर घेतली आणि जुनी राणी शोधली. चालू मागावर तुटलेला धागा ही बोटं न बघता जोडायची. त्याच अंगठ्यानं आणि बोटानं त्यांनी तिला उचललं. आपण या माणसाला गेली वीस-पंचवीस वर्षं पाहतोय आणि हे हात आपल्या ओळखीचे नाहीत, असं मला झालं. त्यांनी बोटं दाबली.

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "आवाज झाला का?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी मान हलवली. आवाज झाला होता. फार बारीक, वाळकं पान मोडावं तसा.

नवी राणी माश्यांनी घेतली. आठवडा सरायच्या आत पोळ्याच्या घराघरात एकेक अंडं उभं दिसू लागलं आणि बाबा पुन्हा पेटीवर हात ठेवून बसू लागले. मला वाटलं, मिटलं सगळं.

रविवारी विहारात गेलो. बाबांनी मेणबत्ती लावली, वंदना म्हटली, त्रिशरण दिलं, मागून वस्तीनं म्हटलं. आता पहिलं शील. बाबा थांबले. घसा बसला असेल म्हणून कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला. तो त्यांनी बाजूला सारला आणि लोकांकडे तोंड केलं.

"पहिलं शील आज दुसऱ्यानं द्यावं. माझ्या हातून मोडलं हाय. पेटीतली राणी मारली मी."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. "एका माशीपायी काय गा?"

वस्तीतले एक वयस्कर गृहस्थ समजुतीनं म्हणाले, "मोडलं तं पुन्हा घ्या. त्याच्यासाठीच तं दर रविवारी घेतो आपण."

"पुन्हा मोडणार नाई असं मनात असन तं घेता येते," बाबा म्हणाले. "पेटी मी ठेवणार हाय. दोनेक वर्षांत ही पन म्हातारी होईन, तिलेही मीच मारीन. मले ठाऊक हाय. मंग आता पहिलं म्हटलं तं चौथं मोडते."

चौथं शील खोटं न बोलण्याचं.

मला वाटत होतं की एवढा तोलूनमापून वागणारा माणूस शेवटी पेटी तरी सोडून देईल. त्यांनी पेटी धरून ठेवली होती आणि सगळ्या वस्तीसमोर स्वतःचा मान सोडला होता. तोही कुणी मागितलेला नसताना.

"द्या कोणीतरी," बाबा म्हणाले.

कोणी पुढे होईना. हसणाऱ्याचं हसणं विरलं होतं. पोळा सणाच्या दुसऱ्या दिवशी, करीला, कोण कोंबडं कापतं, हे सगळ्यांना सगळ्यांचं माहीत होतं. माणसं सतरंजीकडे बघत होती. ज्या ओळीवरून आम्ही दर रविवारी घरी जायच्या घाईत सरसर पुढे सरकायचो, ती म्हणायला भरल्या विहारात एकही तोंड उघडत नव्हतं. आईनं मला कोपरानं ढोसलं.

"तू म्हन."

मीच का, असं माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या दिवशी त्यांनी राणी मला का मारू दिली नाही, माझं शील का राखलं, ते मला कळलं. मी उभी राहिले. मी पहिली ओळ म्हटली आणि मागून सगळ्या वस्तीनं ती म्हटली, दबक्या आवाजात. बाबा माझ्यासमोर हात जोडून उभे होते आणि त्यांचे ओठ मिटलेले होते.