लाँगचे दोन शब्द

अंबरनाथला आमच्या चाळीत राहणाऱ्या गोव्याच्या आंटींनी मला वाचवलं, हे आधी सांगतो. लहानपणी त्या पोर्तुगीज शाळेत होत्या.

मी नांदेडकडचा. सातवीत शाळा सुटली, पण उल्हासनगरला शर्टांच्या कारखान्यात लागताना दहावी पास सांगितलं होतं. मोझांबिकला पोर्तुगीज चालते; तिकडे जाणाऱ्या मालाची लेबलं शेठने दहावी पास म्हणून माझ्यावरच टाकली: लाँग स्लीव्ह, लाँग लास्टिंग कलर. "मोबाइल में देख, पोर्तुगीज करके ला." मोबाइलने दिलेलं बरोबर की चूक, हे मला कसं कळणार? चुकलं तर नोकरी जाणार आणि माझं खोटंही उघडं पडणार.

मी कागद घेऊन आंटींकडे गेलो. त्यांना आता दिसत नाही. "कागद नको, वस्तू आण," त्या म्हणाल्या. मी शर्ट नेला. त्यांनी खांद्यापासून कफपर्यंत बाही चाचपली. "ही लांबी हाताला लागते, म्हणून कोंप्रीदा. रंगाचं टिकणं हाताला लागत नाही रे, तिथे लोंगा." मग एकेक अक्षर सांगून माझ्याकडून लिहून घेतलं.

शेठ खेकसला, "लाँग एक, तो शब्द दो कैसे?" मी आंटींना फोन लावला आणि त्याच्या हातात दिला.

"शेठ, तुम बाही को लंबा बोलता. रंग को भी लंबा बोलता क्या?"

शेठ हसला आणि कागद छपाईला गेला. मी मात्र पुढे कितीतरी दिवस धास्तावलेलाच होतो.

आंटींकडे त्यांच्या बहिणीची पोर्तुगीज पत्रं न वाचलेली पडून आहेत. त्यांच्याकडूनच मी आता पोर्तुगीज वाचायला शिकतोय; अजून अडखळतो, पण एक दिवस ती सगळी त्यांना वाचून दाखवीन.