आठव्या चौकटीतला ठिपका

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की सुरत शहरी, डिंडोली मुक्कामी राहणारी एक सेहेचाळीस वर्षांची बाई कॉम्प्युटरवर गेम खेळताना रंगेहाथ सापडली आहे. अधिक चौकशीत असे उघड झाले, की तो गेम ती नुसता खेळत नव्हती, स्वतः बनवत होती. शिवाय बी.ए.चा अभ्यासही करत होती. नागरिकांनी घाबरून जाऊ नये.

ती बाई मी.

सापडले ती वेळ दुपारच्या सुट्टीची. डबा खाऊन झाला होता, वीस मिनिटं उरली होती. आमचं ऑफिस साडीच्या डिझाइनचं. आठ माणसं, आठ कॉम्प्युटर, एक एसी, तो शेठच्या केबिनमध्ये. शेठ मागून आले. माझी खुर्ची धरली आणि मला खुर्चीसकट बाजूला सरकवलं. सामान सरकवतात तसं. खुर्चीला एक चाक नाही, ती खुरडत गेली. मग त्यांनी स्क्रीन सगळ्यांकडे वळवली.

"जुओ, जुओ! बेन बीए करे छे, ने अहीं बेठी बेठी गेम रमे छे!"

बघा, बेन बी.ए. करतात आणि इथं बसून गेम खेळतात! सगळे हसले. मीही हसले. हे मुद्दाम सांगते. मीही हसले.

शेठच्या हातात माझा अर्ज होता. सोमवारी मानसशास्त्राचा पेपर, एक दिवस रजा मिळावी. त्यांनी तो मोठ्यानं वाचला. मग त्याची घडी केली आणि माझ्या तेलकट डब्याखाली सरकवली.

"पहेलां नक्की करो, बेन. भणवुं छे के रमवुं छे? बे काम तमारा लोकोथी नहीं थाय."

शिकायचं की खेळायचं ते आधी ठरवा. दोन्ही तुमच्या लोकांच्यानं होणार नाही.

तुमच्या लोकांच्यानं. आम्ही तिघं मराठी होतो तिथं. बाकीच्या दोघांच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. त्यांना ठाऊक होतं, हे त्यांच्यासाठी नाही. माझा बाप गेला तेव्हा शेठ आमच्या दारापर्यंत आले होते. भिंतीवर निळ्या कोटातल्या, हातात पुस्तक धरलेल्या माणसाची तसबीर बघितली. पाणी नको म्हणाले. तेव्हापासून ऑफिसात सगळ्यांचा चहा काचेच्या ग्लासात येतो, माझा कागदी कपात. कुणी काही बोललं नाही. बोलावं लागलंच नाही.

आता गेमबद्दल, कारण गुन्ह्याचं वर्णन नीट व्हायला हवं.

साडीचा काठ आम्ही स्क्रीनवर चौकटीचौकटीनं भरतो. एक चौकट म्हणजे एक धागा, वर किंवा खाली. जरीचा धागा फार लांब वरच राहिला तर तो लोंबतो, बांगडीत अडकतो, साडीचा जीव जातो. म्हणून लांब रेघेत मधे एक उलटा ठिपका टाकायचा. तिथं धागा खाली जातो, बांधला जातो, परत वर येतो. वीस वर्षं मी हे ठिपके टाकतेय. माझ्या बोटांना आता विचारावं लागत नाही.

अशाच चौकटींवर मी गेम बांधला. साडीचा काठ हाच चक्रव्यूह. त्यात एक धागा, त्याला मी दोन डोळे काढले. एका किनारीपासून दुसऱ्या किनारीपर्यंत त्यानं न तुटता जायचं. व्हिडिओ बघून शिकले, अडले, रडले, परत बसले. आणि गंमत बघा, गेम बांधताना प्रश्न पडायला लागले. माणूस चुकीच्या वाटेवर किती वेळ चालेल? कुठे कंटाळेल? हरल्यावर परत का येतो? उत्तरं शोधायला मानसशास्त्राचं पुस्तक उघडलं. पुस्तकातून परत गेममध्ये. एक धडा वाचला की गेमची एक पायरी, म्हणजे लेव्हल, बांधायची, हा माझा नियम. स्मरणाच्या धड्यावरून चौथी पायरी सुचली. तिथं वाट क्षणभर दिसते आणि पुसली जाते, पुढे आठवून चालायचं. सात धडे, सात पायऱ्या. धडा वाचल्याशिवाय गेमला हात नाही आणि पायरी बांधल्याशिवाय पुढचा धडा नाही.

हे सगळं पहाटे, कामावर निघण्याआधी, आणि उरलंसुरलं दुपारच्या सुट्टीत. पहाटे माझी माय शेजारी पांघरुणातून विचारायची, "अभ्यास करी राहिनी का खेळी राहिनी?"

"दोन्ही, माय."

"मंग च्या ठेवस."

बघा, प्रश्न शेठचाच. पण माय उत्तर ऐकून उठायची आणि चहा ठेवायची.

आता रंगमंचावर युवराज येतात. युवराज म्हणजे शेठचा मुलगा. वीस वर्षांचा, गोरापान, कामरेजच्या बाजूला हायवेवर मोठं कॉलेज आहे तिथं गेम बनवायलाच शिकणारा. होय, त्याची पदवी मिळते. दिवाळीच्या सुट्टीत तो ऑफिसात यायचा. एकदा माझ्या मागे उभा राहून म्हणाला, "आंटी, ये तो मस्त है! आपने बनाया?" मी फुलले. सगळ्या पायऱ्या दाखवल्या. डब्यातली शेवेची भाजीसुद्धा खाऊ घातली. त्यानं पेनड्राइव्ह पुढे केला. "बस देखने के लिए, आंटी." मी गेम त्यात घालून दिला. नुसता दिला नाही, कौतुकानं दिला.

खरं सांगू? मी त्याच्यावर जळायचे. मनापासून, अगदी चवीनं जळायचे. शेठच्या घरी कापडाचे नमुने द्यायला गेले तेव्हा त्याची खोली बघितली होती. दोन स्क्रीन. मान टेकवायला वेगळी उशी असलेली खुर्ची. तो खेळत होता आणि त्याची आई सोललेले बदाम घेऊन उभी होती, पायरी संपायची वाट बघत. संपूर्ण घर आवाज न करता चालत होतं, कारण मुलगा खेळतोय. त्याचं ते पॅशन. माझं तेच टाइमपास. बसमध्ये परत येताना मी त्या बदामांवर जळत होते. वाटलं, वय झालं तरी अक्कल नाही, मालकाच्या पोराचा हेवा कसला करतेस.

मग लक्षात आलं. माझ्या बापाला शेठचा हेवा कधी वाटला नव्हता. तो त्यांना वरचा मानायचा, आणि वरच्याचा हेवा वाटत नाही, त्याला हात जोडले जातात. मला हेवा वाटतोय म्हणजे मी स्वतःला त्या पोराच्या बरोबरीची समजतेय. कधीपासून? कुणाला विचारून? त्या बसमध्ये मला एकदम ताठ बसावंसं वाटलं. जागा मिळाली नव्हती, म्हणून ताठ उभी राहिले.

तर, बुधवारी माझा अर्ज डब्याखाली गेला. आणि शुक्रवारी शेठनी जाहीर केलं, शनिवारी अर्धा दिवस सुट्टी! युवराजांच्या कॉलेजात प्रदर्शन आहे, सगळ्या स्टाफनं यायचं, गाडी आहे, नाश्ता आहे. काम एकच. टाळ्या.

परीक्षेला रजा नाही. टाळ्यांना रजा.

गेलो. मोठा हॉल, थंडगार. शेठनी माइक घेतला. "मारो दीकरो रमतां रमतां भण्यो छे!" खेळता खेळता शिकला. टाळ्या. माझ्याही.

मग पडद्यावर गेम आला. साडीचा काठ. त्यात एक धागा. धाग्याला दोन डोळे.

माझे हात टाळीच्या मधेच थांबले. रंग बदलला होता, नाव इंग्रजी होतं, खाली युवराजांचं नाव होतं. बाकी सगळं माझं. मी शेठकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. बुधवारी त्यांनी माझी स्क्रीन सगळ्यांकडे वळवली होती, पण स्वतः ती बघितलीच नव्हती.

परीक्षक बाई होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी चौथी पायरी उघडली. "ये रास्ता गायब क्यों होता है?"

"मॅम, वो... सरप्राइज है."

स्मरणाचा धडा. सरप्राइज झाला.

बाई पुढे वाकल्या. "और लंबे रास्ते में हर आठवें खाने पर ये डॉट क्यों है? खिलाड़ी तो धीमा हो जाता है."

मी पडद्याकडे बघितलं आणि मलाच धक्का बसला. ठिपके. गेममध्ये त्यांचा काही उपयोग नव्हता, उलट धागा तिथं अडखळायचा. मी ते टाकले हे मला माहीतही नव्हतं. बोटांनी टाकले होते. आठ चौकटी झाल्या की बांध, नाहीतर कुणाच्या तरी बांगडीत अडकेल. वीस वर्षांची सवय गेममध्ये उतरली होती.

युवराज हसले. "मॅम, वो बस लुक के लिए है."

पुढे काय झालं ते आधी सांगते, म्हणजे नंतर चुटपुट नको. सोमवारी पेपर दिला. पास झाले. नोकरी गेली. आता गोडादऱ्यात एका छोट्या ऑफिसात आहे, खुर्चीला चारही चाकं आहेत, चहा सगळ्यांचा एकाच किटलीतून, एकसारख्या ग्लासात. युवराजांचं कॉलेजनं काय केलं मला ठाऊक नाही. त्यानं एकदा मेसेज पाठवला, "सॉरी आंटी." मी अजून जळते त्याच्यावर. जळणं सोडणार नाही. ज्या दिवशी सोडेन त्या दिवशी परत हात जोडायला लागेन. पेनड्राइव्हमध्ये गेम आता कुणालाही घालून देत नाही. आता गेम उघडला की पहिल्यांदा माझं नाव येतं, आडनावासकट. ते वगळून पुढे जायचं बटण मी ठेवलेलं नाही. शिकायचं की खेळायचं, हा प्रश्न विचारण्याचा हक्क माझ्या मायला आहे. आणखी कुणाला नाही.

हॉलमध्ये मात्र मला यातलं काहीच सुचलं नव्हतं. मी उभी राहिले एवढं आठवतं. खुर्ची मागे पडली, मोठा आवाज झाला. वीस वर्षं शेठशी गुजरातीत बोलले, पण तोंडातून मराठी आलं, तेही ओरडून:

"बाई, तो ठिपका माझा आहे! आणि शेठ, सोमवारी माझा पेपर आहे, मी येणार नाही!"